करंट आला की सांगतो

विमान उडवायला सगळ्यात आधी काय लागतं असं कोणी विचारलं, तर मी सांगतो, मातीची कुंडी. पंख, मोटर, रिमोट ही सगळी पुढची गोष्ट. कुंडी मध्यम आकाराची, न तडकलेली, तळाला चार बोटं वाळू घातलेली. ती पडवीत अशा जागी ठेवायची की जवळ गवताचा भारा नको, सरपण नको आणि वाशाला टांगलेलं बियाणंही नको. कुंडीत बॅटरी, कुंडीबाहेर चार्जर आणि चार्जरसमोर खुर्ची टाकून मी. उड्डाणाची आमची तयारी ही अशी असते.

शेजारच्या वैनींनी ही मांडणी पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्या बांधावरच थबकल्या. कुंडीतून एक लाल वायर, एक काळी वायर आणि चार बारीक वायरींची एक वेणी बाहेर आलेली.

"काय लावलंय हो भाऊ? मुडली काय?"

जोयडा तालुक्यात कुंडीत, परसात, बांधावर काहीही पुरलेलं दिसलं की माणूस आधी कंद समजतो. त्यात त्याची चूक नाही. इथल्या कुणब्यांच्या परसांत कंदांच्या इतक्या जाती आहेत की जोयड्याला त्यांचा मेळा भरतो.

"नाही वैनी, बॅटरी आहे."

"पोसते काय?"

तेव्हा मी हसलो होतो. पुढे पावसाळ्यात त्यातली एक बॅटरी खरोखरच पोसली, पण ते नंतर सांगतो.

हे विमान माझं नाही, भाच्याचं. तो पुण्याला असतो आणि पुण्यात आता मोकळं मैदान म्हणजे जिच्यावर अजून इमारतीचा बोर्ड लागला नाही ती जागा. दिवाळीत आला तो एक मीटर पंखांचं, सनबोर्डाचं, गरम गोंदाने चिकटवलेलं विमान काखोटीला मारून. म्हणाला, "मामा, तुमच्याकडे भात कापलं की शेतं मोकळीच असतात. ठेवा इथेच." ठेवलं. मी कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो, बाल्साच्या फळ्या तासलेल्या आहेत, दोरीला बांधलेलं विमान गरागरा फिरवून स्वतः चक्कर येऊन पडलोही आहे. त्यामुळे विमान ही गोष्ट मला नवी नव्हती. नवी होती ती बॅटरी. आमच्या त्या विमानांना लहानसं इंजिन असे, त्याच्या पोटात इंधन ओतलं की ते उडे आणि इंधन संपलं की पडे. त्याच्यासाठी रात्रभर कोणी जागत बसत नसे.

भाचा जाताना विमान ठेवून गेला, बॅटऱ्या ठेवून गेला आणि चार्जर विसरून गेला. ते एक बरं झालं, नाहीतर चार्जर घ्यायला बाहेर पडलेल्या माणसाचं काय होतं ते मला कळलंच नसतं.

मी रामनगरहून बस धरून बेळगावला गेलो. पहिल्या दुकानात विचारलं, "चार्जर आहे काय?" मुलगा म्हणाला, "आहे की. कुठल्या मॉडेलचा?" मी म्हटलं, "मॉडेलचाच. विमानाच्या." त्याने माझा मोबाइल हातात घेतला, दोनदा बोट फिरवलं आणि परत देत म्हणाला, "हे बघा काका, एरोप्लेन मोड लागला होता तुमचा. काढला." दुसऱ्या दुकानात त्यांनी दाढीच्या मशीनचा चार्जर दाखवला. तिसऱ्या दुकानदाराने ट्रॅक्टरच्या बॅटरीचा काढला, तो उचलायला दोन माणसं लागत होती. चौथ्या दुकानात मी विचारलंच नाही, आत जाऊन थंड पाणी पिऊन आलो.

मग भाच्याला फोन. त्याने जे प्रवचन दिलं त्याचं सार असं की या दुनियेत चार्जरच्या तीन जाती आहेत.

पहिला तीन दिव्यांचा. काडेपेटीहून थोडा मोठा. बॅटरीची पांढरी बारीक पिन त्यात खोचायची, लाल दिवे लागतात, हिरवे झाले की संपलं. हा जुन्या काळच्या कंपाउंडरसारखा आहे. काय होतंय विचारत नाही, लाल बाटली की हिरवी एवढंच त्याला ठाऊक. आमच्या बॅटरीला तो अडीच-तीन तास घेतो. दुसरा निळ्या डब्याचा. दोन ओळींचा पडदा, चार बटनं, आणि तोंडभर प्रश्न. तिसरा रंगीत पडद्याचा, एका वेळी दोन बॅटऱ्या भरणारा. त्याची किंमत ऐकून मी विचारलं की यात विमानही येतं काय.

"मामा," भाचा म्हणाला, "विमान पडणार आहे. मोटर जळणार आहे. बॅटरी दोन-तीन वर्षांत जाणार आहे. चार्जर तेवढा राहतो. पैसे घालायचे ते तिथे घाला." घर बांधताना पाया सोडून सगळ्यावर पैसे घातलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, पण पटलं.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली ती सोन्याची. डब्यावर अँपिअर मोठ्या अक्षरात छापतात. ते न बघता वॅट बघायचे. निळ्या डब्यावर ५ अँपिअर लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ५० वॅट. आमची बॅटरी तीन सेलची, भरली की १२.६ व्होल्टची. ५० ला १२.६ ने भागलं की चारच्या आतच उत्तर येतं. म्हणजे पाच अँपिअर हे लग्नपत्रिकेतल्या 'ठीक १० वाजून ३५ मिनिटांनी' सारखं आहे. आम्हाला मात्र तेवढं नकोच होतं. बॅटरी २२०० मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे २.२ अँपिअरने भरायची, तासाभरात काम होतं. २८ वॅट पुरे. बॅटरीच्या आकड्याला हजाराने भागायचं आणि तेवढ्या अँपिअरच्या वर जायचं नाही, हा मी पाळलेला आयुष्यातला दुसरा नियम. पहिला, जावयाला उधार द्यायचं नाही.

तर निळा डबा ठरला. तोही दोन तोंडांचा घेतला. एका तोंडाने घरचा करंट खाणारा, दुसऱ्या तोंडाने गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. का, ते आमच्या तालुक्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

चार्जर आणि दोन जादा बॅटऱ्या कुरिअरने मागवल्या. अकरा दिवस लागले. खोक्यावर ज्वाळांचं चित्र आणि विमानावर काट. पोस्टमनने आधीच फोन करून ठेवला होता की असलं काही आलं तर मी शिवणार नाही, पण आणलं दुसऱ्याच पोऱ्याने आणि ते त्याने अंगणात तुळशीवृंदावनाच्या पलीकडे ठेवलं. मी ती काट नीट वाचली. सुट्या लिथियम बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला १ एप्रिल २०१६ पासून जगभर बंदी आहे. विमानाची बॅटरी विमानातून येत नाही. ती येते ट्रकमधून, खड्डे मोजत.

आता जरा त्या निळ्या डब्याच्या समोर बसू या. पिन लावली की तो एकदा 'टीं' करतो आणि पहिल्या ओळीत विचारतो, लायपो बॅलन्स? म्हणजे बॅटरी लिथियम पॉलिमरची आहे ना आणि तिन्ही सेल समान भरायचे ना? इथे बटन चुकून भलत्या जातीवर गेलं, निकेलच्या किंवा शिशाच्या, तर कुंडीचा उपयोग होतो. मग अँपिअर ठरवायचे. मग स्टार्टचं बटन नुसतं दाबून चालत नाही, तीन सेकंद दाबून धरायचं. यंत्र 'बॅटरी चेक' म्हणतं, थोडं थांबतं आणि दोन आकडे दाखवतं. मला तीन सेल दिसतात, तुम्ही तीन सांगितलेत, खरं ना? रेशनच्या दुकानात कार्डावर किती माणसं आणि दारात किती उभी हे ताडून बघतात, तसं. बरोबर असेल तर पुन्हा बटन. आणि मग आतला बारका पंखा घुर्रकन सुरू होतो. तो आवाज मला इतका आवडतो की बायको म्हणते, विमानाच्या पंख्याकडे तुमचं एवढं लक्ष नसतं.

बॅलन्स म्हणजे काय हे मी आमच्या आईला समजावलं ते असं. पंगत बसलीय. तीन पानं. वाढपी सुरुवातीला सढळ हाताने वाढत सुटतो, आग्रह करकरून. सगळ्यांची पोटं भरत आली की हात आखडता घेतो, शेवटी नुसता चमच्याने ताक घालतो. म्हणून पहिल्या पाऊण तासात बहुतेक बॅटरी भरते आणि उरलेलं थोडंसं भरायला जीव खाते. प्रत्येक पानाला ४.२० व्होल्टपर्यंतच वाढायचं, वर एक शीत नाही. आणि एखाद्या पानात जास्त पडलं तर हा वाढपी त्या पानातलं हळूच काढून घेतो, बाकीचे त्याच्या बरोबरीला येईपर्यंत. ती चार बारीक वायरींची वेणी म्हणजे वाढप्याचे डोळे. तीन सेलला चार वायरी, सेलपेक्षा एक जास्त.

आई म्हणाली, "काढून घेतो? असली कसली रे पंगत!" आणि तिचं चार्जरबद्दलचं मत कायमचं वाईट झालं.

पंगत रंगात आली की करंट जातो.

हे इथे नीट सांगितलं पाहिजे. आमच्याकडे वीज जात नाही. वीज पडते. जातो तो करंट. मेपासून सप्टेंबरपर्यंत दोन्ही गोष्टी आपापल्या वेळा सांभाळून असतात. सागाची एक फांदी कुठेतरी जंगलात तारेवर टेकते आणि इथे पंखा थांबतो. यात कोणाला दोष देत नाही. ज्या वाटेने ती तार येते ती वाट बघितली की ती येतेच कशी याचं नवल वाटतं. वायरमनला फोन केला की तो कन्नडात म्हणतो, "बर्तद्री." म्हणजे 'येतो' आणि 'येईल' दोन्ही. कन्नडात वर्तमान आणि भविष्य एकाच रूपात भागतं, त्यामुळे तो माणूस आजवर कधी खोटा पडलेला नाही.

आणि मजा बघा. आमचा तालुका मूळचा सुपा. काळी नदीवर गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचं धरण झालं, सुपा गाव पाण्याखाली गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं आणि उठलेली बरीच माणसं रामनगरला येऊन वसली. धरणाच्या पायथ्याशी ५० मेगावॅटची दोन जनित्रं आहेत. तेच पाणी पुढे नागझरीला गेलं की तिथे सहा जनित्रं मिळून ९०० मेगावॅटच्या आसपास वीज होते. खाली कारवार तालुक्यात कद्रा आहे, कैगा आहे. एवढी वीज अंगाखांद्यावरून वाहते. आता माझी बॅटरी. २२०० मिलिअँपिअर-तास, सरासरी ११.१ व्होल्ट, म्हणजे २४ वॅट-तास. करंट गेलेल्या एका संध्याकाळी मी पाटीवर हिशेब मांडला. नागझरी पूर्ण जोरात चालली तर एका सेकंदात अडीच लाख वॅट-तास होतात. म्हणजे एका सेकंदात माझ्या दहा हजार बॅटऱ्या. मला एक भरायची होती. तीही अर्धी झालेली होती.

करंट परत आला की घरातलं सगळं जिथे थांबलं तिथून सुरू होतं. पंखा फिरतो, फ्रिज गुरगुरतो, टीव्हीवरची सून उरलेलं वाक्य पुरं करते. निळा डबा तसं करत नाही. तो 'टीं' करतो आणि पुन्हा पहिल्यापासून विचारतो, लायपो बॅलन्स? अर्धी पंगत जेवून उठली आहे हे त्याच्या गावीही नसतं. म्हणून खुर्ची. रात्री दीडला करंट आला तर दीडला उठून तीन सेकंद बटन दाबायचं आणि मग ताकाचा चमचा संपेपर्यंत जागं राहायचं, कारण चार्ज होणारी लायपो एकटी सोडून झोपायचं नाही हा या धंद्यातला मुख्य कायदा आहे. ही बॅटरी बिघडली तर आतून पेटते, आणि पेटली की तांब्याभर पाण्याला भीक घालत नाही.

या जागरणांत मी मोबाइलवर वाचत बसू लागलो. ३० जून १९५७ ला इंग्लंडमध्ये कर्नल एच. जे. टॅपलिन यांनी 'रेडिओ क्वीन' नावाचं विमान विजेच्या मोटरवर रेडिओने उडवलं. अशा उड्डाणाची पहिली अधिकृत नोंद ती. बॅटरी चांदी-जस्ताची होती. चांदीची बॅटरी हवेत उडवायची म्हणजे आमच्या आईच्या भाषेत घर बुडवायची लक्षणं. मग निकेल-कॅडमियम आली. तिला तिच्या क्षमतेच्या दशांश करंटवर ठेवायचं आणि चौदा तास थांबायचं. चौदा तासांत एकादशी जवळपास सुटते. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली. त्यामागच्या संशोधनाचं नोबेल २०१९ मध्ये तिघांना मिळालं, व्हिटिंगहॅम, योशिनो आणि गुडइनफ. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. एवढा मोठा माणूस आणि आडनाव काय, तर 'चालतंय की'. आमच्या बाजूचा असता तर सगळ्यांना आडनावावरूनच ओळखू आला असता.

एकदा मी चूक केली ती सांगायलाच हवी. चार्जरमध्ये खोचायच्या जाड वायरीच्या टोकाला दोन उघड्या पितळी पिना असतात, त्यांना बनाना पिन म्हणतात. नियम असा की आधी त्या पिना चार्जरमध्ये घालायच्या आणि मग दुसऱ्या टोकाला बॅटरी जोडायची. मी एका रात्री अर्धवट झोपेत आधी बॅटरी जोडली. दोन्ही पिना हातात. चष्मा सावरायला हात वर नेला आणि पिना एकमेकींना भेटल्या. 'टच' असा आवाज, निळी ठिणगी, पितळेचा जळका वास आणि पिनेला मुगाएवढा खड्डा. आईने आतून विचारलं, "वीज पडली काय रे?" मी म्हटलं, "नाही, चष्मा पडला." केळं आणि ही पिन यांच्यात साम्य एकच, पाय घसरतो तो दोन्हींवरून.

डिसेंबरात शेतं मोकळी झाली. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असलं काही उडवायचं नाव काढायचं नाही, म्हणून गावाच्या मधोमध, चारी बाजूंनी घरं दिसतील अशा खाचरात गेलो. भाचा नाताळच्या सुट्टीला आला होता, त्यानेच उडवलं. विमान भिरभिरत वर गेलं, रानाच्या कडेवरून एक वळण घेतलं, आणि त्याच वेळी धनेशाची एक जोडी पंखांचा सूं सूं आवाज करत वरून गेली. दोघांनी मान वाकडी करून खाली पाहिलं असं मला वाटलं. आई बांधावर बसली होती. एकसष्टच्या डिसेंबरात गोव्यावर हल्ला करायला बेळगावजवळच्या सांबऱ्याहून हंटर विमानं उडाली होती, तेव्हा ती लहान होती. म्हणाली, "ती कडाडत गेली, आम्ही माजघरात दडलो. हे तर डासासारखं गुणगुणतंय." दहाव्या मिनिटाला भाच्याने उतरवलं, कारण उडवताना सेल ३.७ च्या खाली उतरू द्यायचे नाहीत.

दहा मिनिटं. आदल्या रात्री करंट तीनदा गेल्यामुळे त्या बॅटरीला मी चार तास दिले होते.

तिथे बांधावर मला या छंदाचं मर्म उमगलं. लोक समजतात विमान हा छंद आणि चार्जर हे त्याचं सामान. तसं नाही. चार्जर हा छंद. विमान हे भरलेली बॅटरी रिकामी करायचं साधन, म्हणजे ती पुन्हा भरता येते.

शेतात बसूनच बॅटऱ्या भरता आल्या तर, असं भाच्याच्या मनात आलं. दोन तोंडांचा चार्जर घेतला तो कशाला? शेजारच्या जीपवाल्याला विचारलं. भला माणूस. जीप बांधापर्यंत आणून बॉनेट उघडून दिलं आणि स्वतः झाडाखाली आडवा झाला. मगरीच्या जबड्यासारखे दोन चिमटे जीपच्या बॅटरीला लावले, निळा डबा 'टीं' झाला. हिशेब माझा पक्का होता. जीपची बॅटरी धरा साठ अँपिअर-तासांची, म्हणजे सातशे वॅट-तास. आमची बॅटरी चोवीसची. वाया जाणारं धरून तीस. चार बॅटऱ्या भरल्या तरी सतरा-अठरा टक्के. काही बिघडत नाही.

हिशेबात एक राहिलं. साठ हा आकडा बॅटरीवर छापलेला होता, बॅटरीत नव्हता. तिसरी बॅटरी भरत असताना डबा ओरडायला लागला आणि पडद्यावर अक्षरं आली की येणारा व्होल्टेज फार कमी आहे. भाचा म्हणाला, "ही सेटिंग थोडी खाली करता येते मामा." त्याने केली. डबा गप्प बसला. शहाणं यंत्र होतं ते, पण आम्ही दोघं जास्त शहाणे होतो.

सूर्य कलल्यावर जीपवाला उठला, किल्ली फिरवली. जीप म्हणाली, "खुट्." पुन्हा फिरवली. या वेळी तिने तेवढंही केलं नाही.

बांध ओलांडून जीप ढकलायला आठ माणसं लागली. आठातली सहा उड्डाण बघायला आलेली होती, त्यांना बघण्याची किंमत मिळाली. एक मास्तर होते, ते ढकलताना मुलांना ऊर्जेच्या रूपांतराविषयी काहीतरी सांगत होते. उतारावर जीप एकदाची धडधडली, जीपवाल्याने हात बाहेर काढून आम्हाला काय खूण केली ती धुरात दिसली नाही. त्या संध्याकाळी आम्ही एकूण पंचवीस मिनिटं उडवलं आणि पाऊण तास ढकललं.

आता पोसलेल्या बॅटरीची गोष्ट. लायपोला रिकामं ठेवलेलं सोसत नाही आणि भरलेलंही सोसत नाही. उडवायचं नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास, म्हणजे जवळपास अर्ध्या पोटी ठेवायचा. निळ्या डब्यात त्यासाठी 'स्टोरेज' नावाचा वेगळा प्रकार आहे. बॅटरी भरलेली असेल तर तो उतरवतो, उतरलेली असेल तर चढवतो. आमच्याकडे जूनमध्ये जे आभाळ मिटतं ते ऑक्टोबरात उघडतं. कॅसलरॉक आमच्याच तालुक्यात आहे, तिथला पाऊस ज्याने एकदा पाहिला तो पुन्हा कोकणाचं कौतुक सांगत नाही. तेव्हा बॅटऱ्यांना चार महिने चातुर्मास. आईला हे ऐकून बरं वाटलं. म्हणाली, "चला, निदान त्या तरी पाळतात."

एक मात्र राहून गेली. मेच्या शेवटच्या रविवारी उडवायचं म्हणून शनिवारी रात्री काठोकाठ भरली, रविवारी पहाटे वळीव आला आणि तो पुढे मान्सूनच झाला. भरलेली बॅटरी फळीवर तशीच राहिली. जुलैत बघतो तर सपाट वडी गोल झालेली. आमच्या घरात भाकरी फुगली की करणारीचं कौतुक होतं, म्हणून बायकोने ती बघून आपणहून "छान फुगलीय की" म्हटलं आणि मग माझा चेहरा पाहून तवा उतरवला. फुगलेल्या लायपोला टोचायचं नाही, दाबायचं नाही, पुन्हा भरायचं तर नाहीच. कुंडीत ठेवून, एक जुना गाडीचा दिवा जोडून ती सावकाश उतरवली आणि बेळगावला ई-कचरा घेणाऱ्याकडे पोचवायला पिशवीत वाळू घालून बाजूला ठेवली. वैनी तेव्हा डोकावल्याच. "पोसली म्हणायची," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली.

ऑगस्टात एकदा करंट गेला तो तीन दिवस आला नाही. दोन ठिकाणी झाडं पडली होती, पाऊस थांबल्याशिवाय माणसं वर चढणार कशी. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या वाडीचे मोबाइल मेले. आणि मला आठवलं की भाच्याने दिलेल्या पिशवीत एक बोटाएवढा तुकडा आहे, एका बाजूने विमानाच्या बॅटरीची पिवळी पिन बसते आणि दुसऱ्या बाजूला मोबाइलची वायर.

पहिल्यांदा मास्तर आले, मुलीला हुबळीला फोन करायचा होता. मग जीपवाला आला. माझ्याकडे न बघता मोबाइल पुढे केला. मग वैनी, मग त्यांच्या जावेचा मुलगा, मग ज्यांची नावं मला माहीत नव्हती अशी दोन माणसं. पडवीत बाक टाकावा लागला. चातुर्मासातल्या तीन बॅटऱ्या, प्रत्येकी अर्धं पोट. एकीतून अर्धा मोबाइल भरायचा. मी प्रत्येकाला दहा-दहा टक्के वाढत होतो, सेल ३.५ च्या खाली जाऊ नये म्हणून मधेमधे मीटर लावून बघत होतो. कोणी जास्त वेळ लावला की काढून दुसऱ्याचा लावायचा. आई खुर्चीत बसून हे बघत होती. "आता कळलं मला," ती म्हणाली, "काढून का घेतात ते."

विमान वर वाशाला टांगलेलं होतं. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला करंट आला. पडवीतला दिवा लागला, बाकावरची माणसं एकदम उठून आपापल्या घरी पळाली. मोबाइलही दोन-तीन विसरले. फ्रिज गुरगुरला. टीव्ही कोणीतरी चालूच ठेवला होता, त्यातली सून तीन दिवसांपूर्वीच्या रागाने बोलायला लागली. मी रिकामी बॅटरी कुंडीत ठेवली, बनाना पिना आधी चार्जरमध्ये घातल्या, मग बॅटरी जोडली.

'टीं.' लायपो बॅलन्स?

मी बटन शोधून स्टोरेजवर नेलं, तीन सेकंद दाबून धरलं आणि खुर्ची पुढे ओढली.